गावच्या झेडपी शाळेला खोली बांधायला पैसे गोळा करताय? पावती पुस्तक छापायच्या आधी हे वाचा

प्रकार ओळखीचा आहे. शाळेची खोली गळते, कुणीतरी तिचा फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, खाली कुणाच्या तरी पर्सनल नंबरचा क्यूआर कोड येतो, आठ दिवसात लाख-दीड लाख जमतात आणि मग सगळं थंड. कारण जागा शाळेच्या नावावर नसते, नाहीतर झेडपीची परवानगी नसते, नाहीतर इस्टिमेटच नसतं आणि जमलेल्या पैशाचं करायचं काय ते कुणालाच माहीत नसतं. सहा महिन्यांनी गावात भांडण ठरलेलं.

पैसे मिळत नाहीत म्हणून खोल्या राहतात असं मला तरी वाटत नाही, बहुतेक ठिकाणी क्रम चुकलेला असतो. म्हणून खाली क्रमच दिलाय. जिल्हा परिषदेची शाळा आणि महाराष्ट्रातलं गाव धरून लिहिलंय, खाजगी संस्थेच्या शाळेला यातलं बरंच वेगळं लागेल.

१. खरंच खोली हवी आहे का, ते आधी बघा

शाळेचा यू-डायस नंबर घ्या (सरकारी शाळा-माहिती नोंदणीतला शाळेचा नंबर, ११ आकडी असतो, आपल्याकडे २७ ने सुरू होतो) आणि हेडमास्तरांकडून यू-डायसचा चालू वर्षाचा रिपोर्ट मागा. त्यात किती खोल्या, किती चांगल्या, किती मोठ्या दुरुस्तीच्या, संडास, पाणी, रॅम्प असं सगळं भरलेलं असतं. आता ते प्रत्यक्षाशी जुळवून बघा. बऱ्याचदा कागदावर पडकी खोली 'चांगली' दिसते, आणि तशी दिसत असेल तर नवीन खोलीची मागणी वर गेल्यावर लगेच अडकते. आधी ती नोंद दुरुस्त करून घ्या.

आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुला-मुलींना वेगळे संडास, पिण्याचं पाणी, पोषण आहारासाठी किचन शेड, मैदान आणि कंपाउंड हे सगळं धरलेलं आहे. म्हणजे दोन शिक्षक आणि दोन धड खोल्या असतील तर तिसऱ्या खोलीसाठी गावाला दमवण्यापेक्षा मुलींचा संडास आणि पाण्याची टाकी करा. हे कुणाला आवडत नाही कारण संडासाचं उद्घाटन करायला कुणी येत नाही, पण पाचवी-सहावीच्या मुलींच्या हजेरीवर फरक त्यानेच पडतो. छत गळतंय एवढंच असेल तर पत्रे आणि कैच्या बदलून काम होतंय का ते इंजिनिअरला विचारा, नव्या खोलीच्या मानाने बराच कमी खर्च येतो.

तपासा: पट किती आहे आणि गेल्या पाच वर्षात वाढतोय की घटतोय? २०२३ मध्ये शिक्षण खात्याने २० पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळेचे (आसपासच्या लहान शाळा एकत्र करायचे) प्रस्ताव मागवले होते. पट १२ वर आलेल्या वाडीत नवीन खोली बांधायची की नाही हा प्रश्न गावात उघड विचारा, देणगीदार तो विचारणारच आहे.

२. जागेचा कागद आणि ठराव

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

शाळा ज्या जागेवर उभी आहे ती कुणाच्या नावावर आहे? सातबारा काढा, गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढा. कितीतरी शाळा अशा आहेत की कुणाच्या तरी आजोबांनी साठ-सत्तर साली तोंडी जागा दिली, गावाने शाळा बांधली आणि सातबाऱ्यावर अजून त्याच घराचं नाव आहे. तोपर्यंत सगळं गुण्यागोविंदाने चालतं. मग रस्ता डांबरी होतो, गुंठ्याला भाव येतो आणि नातवांना आजोबांची जमीन आठवते. जागा दान द्यायची तर बक्षीसपत्र नोंदणीकृतच लागतं, शंभराच्या स्टँप पेपरवर सह्या घेऊन ती जागा शाळेची होत नाही. नोंदणीनंतर तलाठ्याकडे फेरफार टाकून जिल्हा परिषदेचं नाव सातबाऱ्यावर चढलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघा. गायरानावर बांधायचं म्हणत असाल तर तहसीलमध्ये लेखी विचारल्याशिवाय एक दगड ठेवू नका.

जागा झाली की ठराव, तेही याच क्रमाने:

पहिला ठराव शाळा व्यवस्थापन समितीचा. या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला पाहिजेत, तशी समिती कागदावर तरी नीट आहे ना बघा. ठरावात नुसतं 'खोली बांधावी' असं लिहू नका. किती खोल्या, कुठल्या जागेवर, पैसे कुठून आणि कुठल्या खात्यात येणार, हिशोब कोण ठेवणार हे सगळं लिहा. शाळा विकास आराखड्यात पण ही खोली आलेली पाहिजे.

दुसरा ग्रामसभेचा. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचा चालत नाही असं नाही, पण गावातून वर्गणी मागायची तर विषय ग्रामसभेत व्हायला हवा, नंतर 'आम्हाला विचारलं नाही' म्हणणारे तिथेच बसलेले असतात.

मग केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि तिथून झेडपीकडे प्रस्ताव, कारण जागा आणि इमारत झेडपीची, त्यामुळे लेखी परवानगीशिवाय कुठलीही संस्था किंवा मंडळ तिथे बांधकाम करू शकत नाही. जुनी खोली पाडायची असेल तर तिच्या निर्लेखनाची (म्हणजे ती सरकारी नोंदीतून काढून टाकायची) मंजुरी वेगळी लागते. ती न घेता उत्साहात जेसीबी लावला तर सरकारी मालमत्ता पाडल्याचं प्रकरण हेडमास्तरांच्या अंगावर येतं, वर्गणी गोळा करणाऱ्यांच्या नाही, हे लक्षात ठेवा.

सावधान: याच फेरीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसला लेखी विचारा की आपल्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेमधून किंवा जिल्हा नियोजन समितीतून खोली आधीच मंजूर आहे का. असेल तर तिचा पाठपुरावा करा. लोकांनी वर्गणी दिल्यावर तीच खोली सरकारी यादीत सापडली की संशय येतो आणि तो जात नाही.

३. इस्टिमेट, पण खरं

गवंड्याने हवेत सांगितलेला आकडा घेऊन फिरू नका. पंचायत समितीत झेडपी बांधकामाचा उपविभाग असतो, तिथल्या शाखा अभियंत्याकडून नकाशा आणि अंदाजपत्रक करून घ्या आणि तांत्रिक मान्यतेचं बघा. ते डीएसआरच्या (सरकारी बांधकामाच्या ठरलेल्या दरसूचीच्या) दराने होतं. तुम्ही गावात त्यापेक्षा स्वस्तात बांधाल कदाचित, तरी मागताना हाच कागद दाखवायचा.

इस्टिमेटमधून नेहमी सुटणाऱ्या गोष्टी: ठेकेदाराचा १८ टक्के जीएसटी, वायरिंग आणि पंखे, रॅम्प, फळा, जुन्याचा राडारोडा उचलणं, आणि घाटात किंवा डोंगरावरच्या वाडीला माल पोचवायचं भाडं. मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या मातीत पाया किती खोल जाईल ते खड्डा घेऊन बघितल्याशिवाय कळत नाही, आणि अर्धं बजेट जमिनीखाली गेल्याचं गावाला समजावणं अवघड असतं.

समजा मूळ बांधकाम १२ लाख. त्यावर जीएसटी २ लाख १६ हजार. वीज, रॅम्प, फळा, रंग मिळून ६४ हजार. झाले १४ लाख ८०. त्यावर भाववाढ आणि अडीअडचणीला १० टक्के, म्हणजे १ लाख ४८ हजार. एकूण १६ लाख २८ हजार. गावात बोर्डावर १२ लाख लिहून नंतर १६ म्हणालात तर वरचे चार लाख कुणाच्या खिशात गेले हीच चर्चा होते, म्हणून पहिल्या दिवसापासून १६ लाख २८ हजारच लिहा.

४. पैसे कुणाच्या खात्यात

सरपंचाच्या, गुरुजींच्या किंवा 'आपल्या विश्वासू पोराच्या' गुगल पे वर नाही. एवढं एक पाळलं तरी निम्मे वाद मिटतात.

मार्ग साधारण तीन आहेत. शाळा व्यवस्थापन समितीचं बँक खातं, अध्यक्ष आणि सचिव (म्हणजे हेडमास्तर) यांच्या जोड सहीचं. हे गावातल्या वर्गणीला सोपं पडतं, पण या खात्यात दिलेल्या देणगीवर दात्याला ८०जी ची (देणगीवरची इन्कम टॅक्सची) सवलत आपोआप मिळत नाही, तसं खोटं आश्वासन देऊ नका. दुसरा, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला ट्रस्ट, ज्याच्याकडे इन्कम टॅक्सच्या १२ए (ट्रस्टच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी या दोन्ही नोंदण्या चालू आहेत. तुमच्याकडे असा ट्रस्ट नसेल तर तालुक्यातल्या चांगल्या संस्थेशी करार करा, फक्त खोलीसाठी नवीन ट्रस्ट काढत बसू नका. तिसरा, नोंदणी नसलेल्या मंडळाने किंवा मित्रमंडळींनी गोळा करायचं असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्या. गणपती मंडळं घेतात तीच. गणपतीला आठवणीने घेतात आणि शाळेला विसरतात, का ते माहीत नाही.

८०जी बद्दल थोडं, कारण यात गोंधळ फार आहे. रोख २,००० च्या वर दिलेल्या देणगीवर सवलत मिळत नाही, चेक किंवा ऑनलाइनच घ्या. नवीन टॅक्स रिजीम घेतलेल्या माणसाला तशीही ती मिळत नाही. ट्रस्टला वर्षाच्या शेवटी प्रत्येक दात्याचा पॅन घालून इन्कम टॅक्सकडे विवरण भरावं लागतं, आणि त्यातून निघालेलं प्रमाणपत्रच खरं, नुसत्या पावतीने भागत नाही. म्हणजे पॅन पैसे घेतानाच लिहून घ्यायचा, मे महिन्यात तीनशे लोकांना फोन लावत बसायचं नाही. नवीन आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू, त्यात कलमांचे नंबर बदललेत, तेव्हा पावतीवर काय छापायचं ते सीएला विचारूनच छापा.

तपासा: पावती पुस्तकांना छापील नंबर आहेत का, कुठलं पुस्तक कुणाकडे दिलं त्याची वही आहे का, आणि न वापरलेली पुस्तकं परत आली का.

५. मागायची सुरुवात घरापासून

इथे क्रम उलटा केला तर पुढचं सगळं अवघड जातं. आधी समिती सदस्य आणि सरपंच, मग गाव, मग गावाबाहेर गेलेले, मग सरकारी निधी, आणि कंपन्या सगळ्यात शेवटी. कारण पुढचा प्रत्येक जण एकच विचारतो, 'गावाने स्वतः किती दिले?' रक्कम छोटी असली तरी चालते. दोनशे घरांपैकी एकशे ऐंशी घरांची पावती फाटली हे कंपनीच्या माणसाला कुठल्याही प्रेझेंटेशनपेक्षा जास्त सांगून जातं.

वेळ साधा. सोयाबीन-कापसाच्या गावात दिवाळीनंतर, ऊसाच्या गावात बिल जमा झाल्यावर, जूनमध्ये बी-बियाण्याच्या तोंडावर अजिबात नाही. मुंबई-पुण्याचे लोक गावच्या जत्रेला येतात तेव्हा, कोकणात गणपती आणि शिमग्याला, आणि तिथे गावाचं मुंबई मंडळ असेल तर त्यांच्या मीटिंगला जाऊन आधी विषय मांडा. त्यांना सरळ स्टेजवरून माईकवर आकडा विचारला की चिडतात, आणि बरोबरच आहे.

आकडे फोडून मागा. 'यथाशक्ती द्या' म्हटलं की १०१ येतात. एक दरवाजा, दोन खिडक्या, एक ब्रास मुरूम, सिमेंटच्या दहा गोण्या अशी यादी भावासकट करा, लोक वस्तू निवडतात. माजी विद्यार्थ्यांच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपना एकेक गोष्ट वाटून द्या, बॅचमध्ये आपसात चुरस लागते, ती लागू द्यायची.

कबूल रक्कम आणि जमा रक्कम अशा दोन वेगळ्या रकान्यांत लिहा. सभेत हात वर करून सांगितलेले पैसे जमा धरून ठेकेदाराला ॲडव्हान्स दिल्याने कामं प्लिंथला (जोत्याला) अडकतात.

श्रमदान, ट्रॅक्टर, मुरूम, पाण्याचे टँकर हे पण देणगीतच येतं, बाजारभावाने किंमत लावून वहीत घ्या. पण वाळू आणि मुरूम फुकट मिळतो म्हणून ओढ्यातून रात्रीत आणू नका. ते गौण खनिज आहे, रॉयल्टीची पावती लागते, शाळेचं काम आहे म्हणून तहसीलदार ट्रॅक्टर सोडत नाहीत.

सावधान: प्रवेश, दाखला किंवा निकाल देताना पालकाकडून वर्गणी घ्यायची नाही. 'ऐच्छिक' लिहून पण नाही. आरटीईच्या कलम १३ प्रमाणे प्रवेशाच्या वेळी देणगी घेणं हा गुन्हा आहे आणि दंड घेतलेल्या रकमेच्या दहापट होऊ शकतो. वर्गणी घ्यायची जागा ग्रामसभा, जत्रा, घर. शाळेचं ऑफिस नव्हे. आणि ज्या घरातून पैसे आले नाहीत त्या घरातल्या पोराचं नाव वर्गात कुणी काढलं तर समितीने त्याच दिवशी थांबवायला पाहिजे.

६. सरकारी निधी आणि कंपन्या

आमदार-खासदार निधी रोख हातात येत नाही. खासदार (वर्षाला ५ कोटींचा निधी असतो) कामाची शिफारस करतात, पैसे जिल्हा प्रशासनातून अंमलबजावणी यंत्रणेला जातात. तसंच ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात शाळेचं काम घालता येतं, आदिवासी भागातल्या पेसा कायद्याखालच्या गावांना ५ टक्के अबंध (ठरावीक कामाला न बांधलेला) निधी असतो, तो ग्रामसभा ठरवते. माझं मत विचाराल तर सरकारी निधी आणि लोकवर्गणी एकाच खोलीत कालवू नका. खोली सरकारी निधीतून होणार असेल तर वर्गणीतून कंपाउंड, बेंच, पाणी असं वेगळं काम उचला. मोजमाप आणि बिलं वेगळी राहतात, कुणी कुणाचं काम दोनदा दाखवू शकत नाही.

कंपन्यांचं सीएसआर, म्हणजे कंपनीने समाजाच्या कामावर करायचा खर्च. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली ५०० कोटी नेटवर्थ, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा यातलं काही एक असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो. ५ कोटी नफ्याची कंपनी तुमच्या जवळच्या एमआयडीसीत पण असू शकते. मुंबईच्या हेड ऑफिसला एमडीच्या नावाने पत्र टाकण्यापेक्षा प्लँटच्या एचआरला जाऊन भेटा, कायद्यातही आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगितलंय.

कंपनी समितीच्या खात्यात चेक टाकेल अशी अपेक्षा ठेवू नका. संस्थेमार्फत करायचं तर त्या संस्थेचं सीएसआर-१ रजिस्ट्रेशन (सीएसआरचे पैसे घ्यायला लागणारं), १२ए, ८०जी आणि किमान तीन वर्षांचं काम बघतात. आणि सीएसआरमधून उभी राहिलेली इमारत कंपनीच्या मालकीची राहू शकत नाही, ती जिल्हा परिषदेसारख्या सार्वजनिक यंत्रणेच्या नावावर होऊ शकते, प्रस्तावात हे वाक्य घाला कारण त्यांच्या ऑडिटरला तेच हवं असतं. प्रस्ताव दोन पानी: पट, आत्ताचे फोटो, जागेचा कागद, ठराव, इस्टिमेट, गावाने जमवलेली रक्कम, कमी पडणारी रक्कम, किती महिन्यात. वर्ष एप्रिल ते मार्च चालतं, म्हणून पुढच्या वर्षाच्या प्लॅनमध्ये यायचं तर डिसेंबर-जानेवारीत भेटा. शिक्षण मंत्रालयाच्या विद्यांजली पोर्टलवर पण शाळेची गरज टाकता येते, बेंच, संगणक, पुस्तकं अशा गोष्टींना ते बरं पडतं.

७. परदेशातला पुतण्या

याला वेगळा नंबर दिला कारण चूक सगळे करतात. अमेरिकेत किंवा दुबईत असलेल्या माणसाकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ते परदेशी योगदान धरत नाहीत. पण त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं) असलं तरी, ते परदेशी योगदान होतं आणि एफसीआरए (परदेशी देणगीचा कायदा) खाली नोंदणी नसलेल्या संस्थेने किंवा समितीने ते घ्यायचं नाही. एफसीआरए असलेल्या संस्थेलाही ते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावं लागतं, आणि २०२० पासून ते पैसे दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाहीत. म्हणून बाहेरून पैसे घेताना पहिला प्रश्न: पासपोर्ट कुठला? उत्तर आणि कॉपी फाईलला लावा.

८. काम कधी सुरू करायचं

एकूण रकमेच्या निदान ६०-७० टक्के प्रत्यक्ष खात्यात असतील तेव्हा. त्याआधी भूमिपूजन करायचा मोह होतो, नेते पण तयार असतात, टाळा.

दिवाळीनंतर सुरुवात केली तर पावसाआधी स्लॅब पडतो. ठेकेदाराशी लेखी करार, किमान तीन कोटेशन, आणि पैसे टप्प्याने: पाया, प्लिंथ, स्लॅब, फिनिशिंग. प्रत्येक टप्प्याला शाखा अभियंत्याची तपासणी आणि मोजमाप पुस्तकात नोंद झाल्यावरच पुढचा चेक. शेवटचे १० टक्के एक पावसाळा जाऊन छत गळत नाही हे बघेपर्यंत राखून ठेवा आणि हे करारातच लिहा, नंतर सांगितलं तर कुणी ऐकत नाही.

क्युरिंगला (काँक्रीट ओलं ठेवायला) पाणी कोण मारणार ते नावानिशी ठरवा. पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला किमान १० दिवस, आपल्याकडच्या कडक उन्हात १४ दिवस. एप्रिलमध्ये टँकरवर असलेल्या गावात हे पाणी आणायचं कुठून हा प्रश्न स्लॅबच्या आदल्या दिवशी विचारण्यात अर्थ नाही.

९. हिशोब आणि हस्तांतर

दर महिन्याला जमा-खर्चाचं एक पान शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या बोर्डावर, आणि त्याचा फोटो ग्रुपवर. पूर्ण हिशोब ग्रामसभेत वाचून मंजूर. नावांची पाटी लावायची तर रकमेची अट आधीच जाहीर करा, आणि मजुरी दान दिलेल्यांची नावं पण त्यात येऊ द्या.

काम संपल्यावर पूर्णत्वाचा दाखला घ्या, इमारत लेखी पत्राने झेडपीकडे द्या, शाळेच्या मालमत्ता रजिस्टरला नोंद करा. यू-डायसची माहिती ३० सप्टेंबरच्या स्थितीवर भरतात, तोपर्यंत नवीन खोली त्यात चढली पाहिजे, नाहीतर कागदोपत्री शाळा वर्षभर जुन्याच अवस्थेत राहते. कंपनीला उपयोगिता प्रमाणपत्र आणि आधीचे-नंतरचे फोटो द्या, पुढच्या वर्षी कंपाउंडसाठी त्यांच्याकडेच जायचंय.

पैसे उरले तर ते कशावर खर्च करायचे याचा ठराव समितीने आणि ग्रामसभेने वेगळा करायचा, उद्घाटनाच्या जेवणावर नाही. जेवणाची वर्गणी हवी तर वेगळी काढा, वेगळ्या पावतीवर.